भिसे डॉक्टरांचे जंत

भिसे डॉक्टरांच्या वहीवर विश्वास ठेवायचा, तर एके काळी निम्म्या सिल्वासाला जंत झाले होते.

ही वही दवाखान्याच्या ओट्यावर, कंपाउंडर रमणभाईंच्या टेबलावर उघडी पडलेली असे. डॉक्टर आतून ओरडून रोगाचं नाव सांगत, रमणभाई ते वहीत लिहीत आणि त्याप्रमाणे पुड्या बांधत. टेबलाभोवती थांबलेले लोक ती वही वर्तमानपत्रासारखी वाचत. कुणाला खरूज झाली, कुणाचं पोट बिघडलं, हे पेशंट घरी पोचायच्या आत गावाला कळलेलं असे. या वहीत दर पानावर दोन-तीन ठिकाणी ‘जंत’ असायचे. बरं, जंत आठ-पंधरा दिवसांत जावेत. भिसे डॉक्टरांच्या पेशंटांचे जंत तीन-तीन वर्षं जात नसत. चांगली धडधाकट, लग्नाच्या वयाची मुलगी दर महिन्याला आईबरोबर यायची आणि आतून डॉक्टरांच्याच हातून जंतांच्या गोळ्या घेऊन जायची.

“साहेब, या बेनचं काय लखू?” रमणभाई विचारत.

“जंत.”

“पाछा?”

“परत. चिवट आहेत.”

गाव हसायचं. ज्याला साधे जंत मारता येत नाहीत तो कसला डॉक्टर, असं म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी त्यांची नक्कलही केली. एक जण मोडका हात घेऊन येतो, मी म्हणतो, जंत. एकाची बायको माहेरी निघून गेलेली, मी म्हणतो, जंत. लोक खुर्चीतून पडायचे बाकी होते. दुसऱ्या रांगेत बसलेले डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

डॉक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अठ्ठ्याहत्तरीत आहे. त्या जंतांचं खरं काय होतं ते मला त्या संमेलनानंतर वर्षभरात कळलं, आणि कळूनही मी कसा वागलो हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते सांगावं म्हणून हे लिहितो आहे. पण आधी डॉक्टर कसे होते ते सांगायला हवं.

मी संगमेश्वरकडचा. नोकरीसाठी सिल्वासाच्या मराठी शाळेत आलो आणि चौथीच्या वर्गावर चिकटलो तो निवृत्तीपर्यंत. शाळेसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे भिसे डॉक्टरांचा दवाखाना. माझ्या वर्गाच्या खिडकीतून त्यांचा ओटा दिसे आणि त्यांच्या खुर्चीतून माझा वर्ग. म्हणजे दिवसातले पाच तास आम्ही एकमेकांवर पाळत ठेवून असायचो.

उंच, किडकिडीत माणूस. एकटेच राहत. शर्टाच्या खिशात एक पेन, एक कोंबडीचं पीस आणि लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी. तो चिमटा ते टेबलावर आपटून पेशंटाच्या घोट्यावर टेकवत आणि विचारत, “घूंऽ होतंय?” हो म्हणालं की खूश. नाही म्हणालं की त्याहून खूश, कारण मग तपासायला काहीतरी सापडलेलं असे.

माणसाच्या आधी ते त्याच्या चपला बघत. पेशंट चपला बाहेर काढून बाकावर बसला की डॉक्टर बाहेर येऊन वाकून त्या उलट्या करून पाहणार. पहिल्यांदा आलेल्याला वाटे, डॉक्टरांना चपला चोरीला जाण्याची भीती आहे. एकदा गलोंड्याच्या कारखान्यातला एक कामगार खोकल्यासाठी आला. डॉक्टरांनी त्याच्या चपला पाहिल्या आणि विचारलं, “उजवा पाय कधीपासून घासतोय?” तो म्हणाला, “पाय ठीक है साब, खाँसी है.” डॉक्टरांनी त्याला ओट्यावरून दोनदा चालवलं. उजव्या चपलेचं टोक झिजून कागदासारखं झालं होतं. खोकला राहिला बाजूला, डॉक्टर त्या पायाच्या मागे लागले.

दुसरा एक खानवेलचा दुकानदार. तो रमणभाईंजवळ बसून सांगत होता की सिल्वासाच्या बसमध्ये त्याची चप्पल महिन्यात दोनदा हरवली, बसमध्ये चोर फार झालेत. आतून डॉक्टरांचा आवाज आला, “एकच चप्पल चोरणारा चोर कधी पाहिलात का? पायातून निघाली ते तुम्हाला कळलंच नाही. आत या.” मग लघवी तपासायची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली गेली. ती विटेसारखी लाल झाली. साखरेने पायाची जाणीव गेली होती आणि दुकानदार कंडक्टरशी भांडत होता.

लोक दुखण्याचं नाव घेऊन येत. लकवा झाला, वात भरला, बाहेरचं लागलं. डॉक्टर हात वर करून त्यांना थांबवत आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणत, “नाव नको. दिसलं ते सांगा. सुरुवातीपासून. काही वगळू नका.” मग ते डोळे मिटून ऐकत. पेशंटाच्या नातेवाइकाने ‘मग ती पडली’ म्हटलं की डोळे न उघडता विचारत, “त्याआधी? कुठल्या हातात काय होतं?” ऐकायला त्यांच्याइतका वेळ कुणालाच नसे.

रात्रपाळी करून बसच्या खिडकीशी बसून आलेल्या एकाचं तोंड सकाळी वाकडं झालं. आई, बायको, शेजारी, सगळे रडत घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, “कपाळाला आठ्या घाल.” त्याने घातल्या. अर्ध्या कपाळाला पडल्या, अर्धं कपाळ कोरं. “या बाजूला पडत नाहीत? शाब्बास.” त्याच्या आईला ते शाब्बास इतकं लागलं की ती महिनाभर डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होती. कपाळही लुळं पडलेलं असलं म्हणजे बिघाड मेंदूत नाही, चेहऱ्याच्या शिरेत आहे, आणि तो बहुतेक आपला आपण भरून येतो, हे सांगायचं डॉक्टर विसरले होते. डोळ्यात थेंब घालायला आणि निजताना डोळा पट्टीने मिटवायला मात्र त्यांनी चार-चारदा बजावलं होतं. दोन महिन्यांनी तो माणूस सरळ तोंडाने हसायला लागला, तेव्हा आईने बोटं मोडणं थांबवलं.

अर्धशिशीच्या सुनांवर त्यांचा विशेष लोभ. सून कामाच्या वेळेलाच डोकं धरून बसते अशी सासूची तक्रार असायची. डॉक्टर सुनेला गोळ्या देत आणि सासूच्या हातात वेगळी चिठ्ठी ठेवत. ती मी स्वतः वाचली आहे. ‘सुनेस दोन तास अंधाऱ्या खोलीत निजवणे. सासूने मौन, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.’

आणि त्यांना बँडचा शौक होता, असं आम्ही समजायचो. लग्नाची वरात रस्त्यावरून जायची असली की डॉक्टर तपासणी थांबवून खुर्ची ओट्यावर ओढत आणि बँड दिसेनासा होईपर्यंत बसून राहत. बँड बेसूर असला तरी. रस्त्यात मात्र त्यांचे जुने पेशंट त्यांना ओळख देत नसत. तोंड फिरवून जात. मला वाटे, गुण आला नाही म्हणून.

आता मुलीचं सांगतो. तिला मी कुसुम म्हणेन. हे तिचं नाव नाही.

कुसुम माझ्या चौथीत होती. वडील खानदेशातले, शिरपूरकडून आलेले, गलोंड्याला सुताच्या कारखान्यात कामाला. डोकमर्डीत एका खोलीत बिऱ्हाड. पोरगी हुशार होती हे दिसत होतं, म्हणूनच मला तिचा जास्त राग यायचा. पाढे म्हणताना ‘सतरा चोक अडुसष्ट’पर्यंत खणखणीत यायची आणि मध्येच गप्प. माझ्या तोंडाकडे, पण माझ्या आरपार बघत राहायची. पापण्या फडफडायच्या. दहा-बारा सेकंदांनी एकदम ‘सतरा साते’ म्हणून वर्गाच्या सुरात सूर मिसळायची, जणू काही झालंच नाही. मी विचारायचो, “मधले दोन कुठे गेले?” ती म्हणायची, “म्हटले ना, गुरुजी.” वर्ग हसायचा.

मला वाटलं, माझी टिंगल चालली आहे. मी तिला पट्टीने मारलं. एकदा नाही. सहामाहीपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा तरी. उरलेल्या दिवशी वर्गाबाहेर उभी करायचो. प्रगतिपुस्तकात मी लाल शाईने शेरा लिहिला. ‘लक्ष नसते. मुद्दाम थांबते. उद्धट.’ माझं अक्षर चांगलं आहे. तो शेरा फार सुबक दिसत होता.

शेरा पाहून तिचे वडील दाखला मागायला आले. “गुरुजी, पोरगीचं डोकं चालत नाही तं कशाला बसाडू शाळेत? घरी धाकल्याला सांभाळीन, तिची माय कामाला जाईन.” मी म्हटलं, सोमवारी या, दाखला तयार ठेवतो. मला बरंच वाटलं, हे सांगायला हवं.

त्याच दिवशी दुपारी कुसुम बाहेर उभी होती. डॉक्टर रस्ता ओलांडून आले. हातात कागदाचं भिरभिरं. मला वाटलं, आता हा माणूस पुरता गेला. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “हे फिरवत ठेवायचं. थांबू द्यायचं नाही. फुंक.” कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती फुंकू लागली. भिरभिरं गरगरत होतं, वर्ग खिडकीला लोंबकळला होता, डॉक्टर घड्याळ बघत होते. दोन मिनिटं झाली, अडीच झाली. मी काहीतरी लागट बोलणार इतक्यात भिरभिरं मंदावलं आणि थांबलं. कुसुम ते तोंडासमोर धरून तशीच उभी. डोळे उघडे. पापण्या फडफडत होत्या. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांसमोरून हात नेला. ती हलली नाही. मग एकदम तिने फुंकर मारली आणि भिरभिरं फिरू लागलं.

“मध्ये थांबलं होतं का ग?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही थांबू देऊ नका म्हणालात ना.”

डॉक्टर उठून माझ्याजवळ आले. “काय दिसलं, मास्तर?”

“नाटक.”

“नाव नको. दिसलं ते सांगा.”

मग त्यांनीच हळू आवाजात सांगितलं. आकडीचा हा एक धाकटा प्रकार. मूल पडत नाही, झटके येत नाहीत, फक्त मेंदू काही सेकंद बंद पडून पुन्हा सुरू होतो. दिवसातून पन्नासदा होऊ शकतं. मुलाला स्वतःला पत्ता नसतो. भराभर श्वास सोडला की हटकून होतं, म्हणून भिरभिरं. गोळ्यांनी बहुतेक पूर्ण थांबतं.

“दोन कामं करा,” ते म्हणाले. “दर तासाला किती वेळा थांबते ते टिपून ठेवा, आणि तो शेरा खोडा. तिसरं, हा शब्द कुणाजवळ काढू नका. या गावात मुलीच्या नावापुढे फिट लागलं की तिची शाळा संपते आणि लग्नही होत नाही.”

“मग तुमच्या वहीत काय लिहिणार? ती तर सगळं गाव वाचतं.”

“जंत,” डॉक्टर म्हणाले.

म्हणजे वहीतले ते सगळे चिवट जंत हेच होते. स्नेहसंमेलनातल्या माझ्या नकलेला किती टाळ्या पडल्या होत्या ते मला आठवलं.

डॉक्टर त्या संध्याकाळी स्वतः डोकमर्डीला गेले. वडिलांना खरं काय ते सांगितलं आणि दिवाळीनंतरच्या सत्रापुरती शाळा मागून घेतली. मेंदूचा आलेख काढायला ते बापलेकीला घेऊन मुंबईला गेले. त्या दिवशी दवाखान्याच्या दारावर पाटी होती, ‘डॉक्टर जंतांच्या कामासाठी बाहेरगावी.’ गाव पुन्हा हसलं. गोळ्या सुरू झाल्या. मी वहीत टिपू लागलो. पहिल्या आठवड्यात तासाला सहा-सात. महिन्याने दोन. होळीपर्यंत दिवसभरात एकही नाही. कुसुम सतराचा पाढा एका दमात म्हणाली. वार्षिक परीक्षेत ती वर्गात पहिली आली आणि स्कॉलरशिपलाही बसली.

डॉक्टरांनी सांगितलेलं टिपायचं काम मी केलं. शेरा खोडला नाही. आज खोडू, उद्या खोडू करत राहिलो. खाडाखोड केलेलं पुस्तक हेडमास्तरांना दाखवावं लागलं असतं आणि कारण सांगावं लागलं असतं.

मग मुख्य गोष्ट घडली. स्कॉलरशिप मिळाल्यावर शाळेत सत्कार ठेवला. तिचा नव्हे, माझा. दाखल्याला निघालेली पोरगी गुरुजींच्या शिस्तीने पहिली आली, अशी हवा झाली होती. तिचे वडील मंचावर उभे राहून म्हणाले, “गुरुजीनी मारू मारू पोरगी शिकवली.” त्यांना तसंच सांगायचं होतं. दुसरं काही सांगण्याची सोय नव्हती. मला शाल आणि नारळ मिळाला. डॉक्टर याही वेळी दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

बाहेर रस्त्यावर मी त्यांना गाठलं. “डॉक्टर, मी बोलायला हवं होतं.”

“बोलला असतात तर गोळ्या फुकट गेल्या असत्या,” ते म्हणाले. “शाल घ्या अंगावर. वारं सुटलंय.”

या वाक्याच्या आडोशाला मी पुढे कितीतरी वर्षं राहिलो. पण त्यात एक खोट होती, आणि ती मला त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर कळली होती. कुसुमचं दुखणं उघड न करताही मला बोलता आलं असतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की, या मुलीचा काही दोष नव्हता, मी तिला उगाच मारलं. त्यात कुठल्या रोगाचं नाव येत नव्हतं. ते मी म्हणालो नाही. मग दर जूनमध्ये आई-बाप पोरं घेऊन माझ्याकडे येऊ लागले. मारा गुरुजी, त्या कुसुमसारखी सुधरवा. आणि मी मारलं. त्यांतल्या कुणाकुणाला काय होत होतं, देव जाणे. मी कधी भिरभिरं हातात घेतलं नाही.

कुसुमच्या गोळ्या सातवीत बंद झाल्या. ती शिकली, पुढे तालुक्याच्या एका कचेरीत लागली. तिचं लग्न ठरलं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिचे वडील पत्रिका घेऊन घरी आले. मला फेटा बांधायचा, मानाच्या खुर्चीवर बसवायचं, दोन शब्द बोलायला लावायचं, असं सगळं ठरलेलं.

“डॉक्टरांना दिलीत का पत्रिका?” मी विचारलं.

“गुरुजी, सोयरे इचारतीन ना, ह्ये डॉक्टर तुमचे कोन. काय सांगू मी?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जंतवाल्या किती मुलींची लग्नं या रस्त्यावरून गेली असतील. त्यांतल्या एकाही घरातून डॉक्टरांना पत्रिका आली नसणार, येऊ शकत नव्हती. डॉक्टरांना बँडचा शौक मुळीच नव्हता.

कुसुमची वरात दवाखान्यावरून गेली, तेव्हा ते ओट्यावर खुर्ची टाकून बसलेच होते. फेटा बांधून मी वरातीच्या पुढे चाललो होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मांडवात मला बोलायला उभं केलं. मी शिस्तीचं महत्त्व सांगितलं.

चार वाजता मी पानात बांधून दोन बुंदीचे लाडू घेतले आणि दवाखान्यात गेलो. रमणभाई घरी गेले होते. डॉक्टर एकटेच होते.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “मी आजसुद्धा बोललो नाही. त्या मुलीला मी—”

“ते नंतर,” त्यांनी हात वर केला. “तुमचं दुखणं जुनं आहे, सावकाश बघू. आधी लग्नाचं सांगा. दिसलं ते. सुरुवातीपासून.”

त्यांनी डोळे मिटले. मी सांगू लागलो. साडी कुठल्या रंगाची, नवरदेव कसा, मामा कोण उभा होता. ते मध्ये मध्ये विचारत होते. हळदीच्या रात्री पुरती झोपली होती का. उपाशी किती वेळ होती.

“सप्तपदीत मध्ये कुठे थांबली?”

“नाही.”

“नक्की? तुम्ही बघत होतात?”

“पहिल्या पावलापासून सातव्यापर्यंत. पापणीसुद्धा फडफडली नाही.”

“चपला?”

“नव्या होत्या, डॉक्टर.”

“नव्यावरून काही कळत नाही. वर्षाने माहेरी आली की बघा आणि मला सांगा.”

त्यांनी रमणभाईंची वही ओढली, पेन काढलं आणि त्या दिवसाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘जंत गेले.’ नावाचा रकाना कोरा ठेवला. मग एक लाडू माझ्यापुढे सरकवला, दुसरा स्वतः घेतला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पुन्हा डोळे मिटले.

“आता पंगतीचं सांगा,” ते म्हणाले. “तिकडचे लोक वरण-बट्टी करतात ना? वांग्याची भाजी घोटलेली होती का? काही वगळू नका, मास्तर.”